सांडपाण्याचे प्रकाशाने निर्जंतुकीकरण: दिव्याआधी गाळणीचा विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या बायपासलगतच्या आपल्या वसाहतीत रोज सुमारे ६० हजार लिटर सांडपाण्यावर एमबीबीआर पद्धतीच्या एसटीपीत, म्हणजे प्लास्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर वाढवलेल्या जिवाणूंकडून घाण खाऊन टाकणाऱ्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, प्रक्रिया होते. हे पाणी बागेला आणि शौचालयांच्या फ्लशला वापरले जाते, उरलेले नाल्यात जाते. शेवटच्या टाकीत सध्या हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे द्रावण, सोडले जाते. त्याचा उग्र वास येतो आणि हिरवळ पिवळी पडते, अशी रहिवाशांची तक्रार आहे. समितीतील काही सभासदांना क्लोरीन बंद करून अतिनील दिवा बसवावा असे वाटते, तर काहींच्या मते माळव्यात ऊन एवढे पडते की विजेच्या दिव्याचीही गरज नाही. यांपैकी पर्यावरणाला कमीत कमी अपायकारक मार्ग कोणता, हे आपल्याला हवे आहे.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दोन्ही बाजूंनी प्रकाशाचा विचार केला आहे, पाण्याचा केलेला नाही. प्रकाशाने निर्जंतुकीकरण किती होईल हे दिव्याच्या वॅटवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते प्रकाश पाण्यात किती खोल शिरू शकतो यावर अवलंबून असते. त्यामुळे माझे उत्तर असे आहे की दिवा जरूर बसवावा, मात्र त्याआधी गाळण व्यवस्था सुधारावी आणि तिन्ही उपयोगांच्या पाण्याला एकच औषध देण्याची सवय सोडावी. हे असे का, ते पुढे सविस्तर लिहितो.

सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ साली दाखवले होते, आणि १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे पिण्याच्या पाण्यासाठी अतिनील दिव्यांचा वापरही होऊन गेला. तेव्हा हे तंत्र नवे नाही. टिकाऊ दिवे आणि भरवशाची विद्युत उपकरणे मिळू लागल्यावर ते पुन्हा वर आले इतकेच. आज वापरात असलेला कमी दाबाचा पारा-दिवा २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण देतो, आणि जंतूंचा डीएनए नेमक्या याच पट्ट्याच्या आसपास, म्हणजे साधारण २६० ते २६५ नॅनोमीटरला, सर्वाधिक किरण शोषतो. त्यामुळे डीएनएच्या साखळीतील शेजारचे दोन थायमिन घटक एकमेकांना जोडले जातात आणि त्या जागी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करता येत नाही. जंतू तत्काळ मरतोच असे नाही, पण त्याची वाढ खुंटते आणि जो वाढू शकत नाही तो रोगही पसरवू शकत नाही. पाण्यात कोणतेही रसायन मिसळावे लागत नाही, चव किंवा वास बदलत नाही आणि काम काही सेकंदांत होते. या पद्धतीचा पर्यावरणीय गुण आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे.

आता पाण्याकडे वळू. एक सेंटीमीटर जाडीच्या पाण्याच्या थरातून २५४ नॅनोमीटरचे किती टक्के किरण पलीकडे पोहोचतात, त्या आकड्याला यूव्ही पारगम्यता किंवा व्यवहारात यूव्हीटी म्हणतात. पिण्याच्या चांगल्या पाण्याची यूव्हीटी ९० टक्क्यांच्या वर असते, तर जैविक प्रक्रियेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या सांडपाण्याची बहुधा ५५ ते ७० टक्के असते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण प्रत्येक सेंटीमीटरला तो गुणिला जातो. ९० टक्के यूव्हीटीच्या पाण्यात पाच सेंटीमीटर अंतरावर सुमारे ५९ टक्के किरण शिल्लक राहतात, ७० टक्क्यांच्या पाण्यात १७ आणि ६० टक्क्यांच्या पाण्यात अवघे ८. म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेले यंत्र तुमच्या एसटीपीच्या मागे जोडले, तर नळीच्या भिंतीजवळून वाहणारे पाणी जवळजवळ अंधारातूनच निघून जाईल. छोट्या वसाहतींमध्ये अपयशी ठरलेली जी यंत्रे मी पाहिली आहेत, त्यांच्या अपयशाचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. विक्रेता काचेच्या ग्लासात पाणी धरून ‘किती स्वच्छ आहे’ असे म्हणतो तेव्हा सावध राहावे, कारण २५४ नॅनोमीटरचे किरण आपल्या डोळ्याला दिसतच नाहीत आणि डोळ्याला नितळ दिसणाऱ्या पाण्याची यूव्हीटी ५५ टक्केही असू शकते. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि लोह हे किरण शोषून घेतात, मात्र पाण्याला नजरेत भरेल असा रंग आणतीलच असे नाही.

याखेरीज तरंगणारे कण असतात. एमबीबीआरमधून निसटलेल्या जैविक गाळाच्या कणाच्या पोटात शेकडो जिवाणू दडलेले असतात आणि तेथवर किरण पोहोचत नाहीत. अशा पाण्यावर मात्रा दुप्पट केली तरी शेवटचे काही हजार जिवाणू हटत नाहीत. म्हणून तरंगते घन पदार्थ लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या खाली आणल्याशिवाय दिव्यावर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जंताची अंडी हा आणखी एक मुद्दा आहे, कारण त्यांचे कवच जाड असते आणि नेहमीच्या मात्रेचे अतिनील किरण त्यांच्यावर फारसे चालत नाहीत. ती नीट निवळणीने आणि वाळूच्या गाळणीनेच काढावी लागतात. बागेत मुले अनवाणी खेळत असतील तर हा मुद्दा जिवाणूंइतकाच महत्त्वाचा समजावा.

तुमच्याकडे मल्टिग्रेड वाळूची गाळणी आणि त्यामागे कोळशाची गाळणी आहे असे आपण लिहिले आहे. त्या गाळण्या उलट्या प्रवाहाने, म्हणजे बॅकवॉश करून, रोज धुतल्या जातात का, की दाब वाढून पाणी येईनासे झाल्यावरच धुतल्या जातात, हे पाहावे. आमच्या भागात बहुतेक ठिकाणी दुसरीच रीत दिसते. निवळण टाकीच्या आधी थोडी तुरटी घालून कण एकत्र आणले तर गाळणीचे काम सोपे होते. लोहयुक्त रसायने मात्र या कामासाठी टाळावीत, कारण उरलेले लोह किरण शोषते आणि दिव्याच्या आवरणावरही बसते. कोळशाची गाळणी विरघळलेले सेंद्रिय पदार्थ धरते म्हणून यूव्हीटी वाढवते, पण कोळसा जुना झाला की त्याचा हा उपयोग संपतो आणि ती जिवाणूंना राहण्याची सोयीची जागा होते. एमबीबीआरच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची हवा पुरेशी आहे का हेही तपासावे. जैविक प्रक्रिया अर्धवट राहिली तर पुढचा कोणताही दिवा ती उणीव भरून काढू शकत नाही.

मात्रेचा हिशेब असा असतो. किरणांची तीव्रता गुणिले संपर्काचा वेळ म्हणजे मात्रा, आणि ती मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये मोजतात. ई. कोलाय जिवाणूची संख्या दहा-हजारांश करायला १० च्या आतबाहेरची मात्रा पुरते. क्रिप्टोस्पोरिडियम हा क्लोरीनला जुमानत नसलेला परजीवी हजारांश करायला १२ पुरते. अडिनोव्हायरस मात्र चिवट असून त्याची संख्या दहा-हजारांश करण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८६ चा आकडा धरला आहे. पुनर्वापराच्या पाण्यासाठी अमेरिकेत जी मार्गदर्शिका प्रचलित आहे, ती वाळूसारख्या माध्यमातून गाळलेल्या पाण्याला १०० आणि मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, गाळलेल्या पाण्याला ८० ची मात्रा सुचवते. आपल्याकडे ४० ची यंत्रे सर्रास विकली जातात. ती पिण्याच्या पाण्याच्या हिशेबातून आलेली आहेत.

येथे लहान एसटीपींची एक खास अडचण सांगितली पाहिजे, जी माहितीपत्रकांत कुठेच सापडत नाही. तुमचे पाणी दिवसाला ६० घनमीटर आहे म्हणून विक्रेता वीस तासांनी भागून ताशी तीन घनमीटरचे यंत्र सुचवेल. पण दिव्यातून पाणी सरासरीने वाहत नाही, ते गाळणीच्या पंपाच्या गतीने वाहते. हा पंप ताशी सहा घनमीटरचा असेल आणि रोज दहा तास चालत असेल, तर संपर्काचा वेळ निम्मा होतो आणि मात्राही निम्मी होते. शिवाय पंप दिवसातून अनेक वेळा चालू-बंद होत असेल तर दिव्याचे आयुष्य घटते, आणि दिवा पेटल्यानंतर पूर्ण तेज येण्यास काही मिनिटे लागत असल्याने प्रत्येक वेळी सुरुवातीचे पाणी प्रक्रियेविना निसटते. त्यामुळे यंत्र पंपाच्या गतीनुसार निवडावे, पंप एका सलग पाळीत चालवावा, आणि दिवा पुरेसा तापल्याशिवाय पंप सुरू होणार नाही, तसेच दिवा गेल्यास पंप आपोआप थांबेल, अशी विद्युत जोडणी करून घ्यावी. इंदूरच्या कबीटखेडीतील २४५ एमएलडी (दिवसाला २४५ दशलक्ष लिटर) क्षमतेच्या केंद्रात अशा गोष्टी पाहायला अभियंते आणि प्रयोगशाळा असतात. तुमच्याकडे एक ऑपरेटर आहे आणि त्याच्याकडे बोअरच्या मोटारीही आहेत. यंत्रणा त्याला झेपेल अशी असावी.

दिवा क्वार्ट्झच्या आवरणात असतो, कारण साधी काच हे किरण अडवते. माळव्यातील बोअरचे पाणी काळ्या बेसाल्ट खडकातून येते आणि बहुतेक ठिकाणी जड असते. आवरण गरम होते, त्यावर क्षार बसतात, आणि त्यातून किरण कमी-कमी बाहेर पडू लागतात, तरी बाहेरून निळसर उजेड पूर्वीसारखाच दिसत राहतो. तो उजेड म्हणजे निर्जंतुकीकरणाचा पुरावा नव्हे. म्हणून तीव्रता मोजणारा सेन्सर असलेलेच यंत्र घ्यावे आणि आवरण सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने ठरावीक मुदतीने साफ करावे. तुमच्याकडे नर्मदेचे पाणी आणि बोअरचे पाणी यांचे प्रमाण उन्हाळ्यात बदलत असणार, त्यामुळे मार्च ते जून या काळात साफसफाई अधिक वेळा लागेल. उघड्या दिव्याकडे ऑपरेटरने क्षणभरही पाहू नये. डोळ्यांना होणारी इजा काही तासांनी जाणवते आणि फार वेदनादायक असते.

आता क्लोरीनविषयी. वास आणि पिवळी हिरवळ ही तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ बहुधा जैविक प्रक्रियेत आहे. पाण्यात अमोनिया शिल्लक असेल तर क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइन होते, परिणाम घटतो, मग ऑपरेटर मात्रा वाढवतो आणि वासही वाढतो. हायपोक्लोराइट इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले तर त्याची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून मात्रा अंदाजाने घातली जाते. सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी अपायकारक द्रव्ये तयार होतात, हे नेदरलँड्समधील योहान्स रूक यांनी १९७४ मध्ये दाखवले. शिवाय उरलेले क्लोरीन अल्प प्रमाणातही माशांना घातक असते. तुमच्या नाल्याचे पाणी कान्ह नदीत, कान्हचे उज्जैनजवळ क्षिप्रेत आणि तेथून चंबळेत जाते. क्षिप्रेत लोक श्रद्धेने स्नान करतात, त्यामुळे या प्रवाहात जंतूही जाऊ नयेत आणि क्लोरीनही जाऊ नये. नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी अतिनील दिवा हा क्लोरीनहून सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फ्लशच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. दिवा आपल्या समोरून जाणाऱ्या पाण्यापुरताच काम करतो; पुढे टाकीत आणि नळांत जंतू पुन्हा वाढले तर त्यांना रोखायला मागे काहीच उरत नाही. त्यातच जिवाणूंकडे दुरुस्तीची सोय असते. १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांच्या लक्षात आले की अतिनील किरणांनी निकामी झालेले सूक्ष्मजीव दृश्य प्रकाशात ठेवले की त्यांतील बरेच पुन्हा सावरतात. फोटोलायेज नावाचे विकर साधारण ३१० ते ४८० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा वापरून डीएनएतील ती जोडणी सोडवते. याचा व्यावहारिक अर्थ असा की दिव्यानंतरची टाकी झाकलेली आणि अंधारी असावी. तुमच्या बागेतील शोभेच्या कारंज्यात हे पाणी खेळवण्याची जी सूचना समितीत आली आहे, ती मी नाकारीन, कारण तेथे उडणारे तुषार माणसांच्या श्वासात जातात आणि प्रकाशही भरपूर असतो.

म्हणून एकाच पाण्याच्या तीन वाटा कराव्यात. गाळलेले सर्व पाणी दिव्यातून जावे. त्यातील नाल्याचे पाणी तसेच सोडावे. बागेचे पाणीही क्लोरीनविना वापरावे, मात्र फवाऱ्याऐवजी ठिबक पद्धतीने आणि शक्यतो मुले खेळत नसतील अशा वेळी. फक्त फ्लशच्या टाकीत लिटरमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहील एवढीच मात्रा द्यावी. दिव्याने आधीच बहुतेक काम केलेले असल्याने आणि सर्व पाण्याऐवजी केवळ एका भागालाच ते लागत असल्याने हायपोक्लोराइटचा खप पुष्कळ घटेल. क्लोरीन शून्य करण्याचा आग्रह मला भाबडा वाटतो.

उन्हाचा मुद्दा मी हलका समजत नाही. अतिनील किरणांतील सर्वांत मारक भाग, म्हणजे यूव्ही-सी, वातावरणातील ओझोन अडवतो, परंतु उरलेले यूव्ही-बी आणि यूव्ही-ए किरण जंतूंना अपाय करतात. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत पिण्याचे पाणी सहा तास उन्हात ठेवण्याची सोडिस पद्धत याच तत्त्वावर चालते, आणि ढगाळ हवेत तिला दोन दिवस लागतात. सांडपाण्यासाठी उन्हाचा उपयोग परिपक्वन तलावांत, म्हणजे प्रक्रिया झालेले पाणी काही दिवस उन्हात थांबवणाऱ्या उथळ तलावांत, होतो, जेथे शैवाल दिवसा प्रकाशसंश्लेषण करून पाण्यातील ऑक्सिजन आणि पीएच दोन्ही वाढवते. पीएच ९ च्या आसपास गेला, ऑक्सिजन भरपूर असला आणि वर ऊन असले की पाण्यातील ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून आलेली द्रव्ये) प्रकाश शोषून ऑक्सिजनची जहाल रूपे तयार करतात आणि विष्ठाजन्य जिवाणू वेगाने नष्ट होतात. ही पद्धत वीज खात नाही आणि जागा असेल तेथे ती मला दिव्यापेक्षाही आवडते.

जागा मात्र लागतेच. तुमच्या ६० घनमीटर पाण्याला पाच दिवस थांबवायचे तर ३०० घनमीटरचा तलाव हवा, आणि खोली एक मीटर धरली तर ३०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फूट जमीन. हे ३० बाय ५० च्या दोन प्लॉटांहून अधिक झाले. बायपासवरच्या भावात समितीने याचा हिशेब करावा. तलाव खोल करून जागा वाचवता येत नाही, कारण शैवालाने हिरव्या झालेल्या पाण्यात यूव्ही-बी किरण काही सेंटीमीटरच जातात. गच्चीवर पापड वाळत घालताना थर पातळच ठेवावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. डास, शैवालाने पुन्हा वाढलेला गढूळपणा आणि जुलै-ऑगस्टमधील ढगाळ आठवडे हे तीन प्रश्न उरतातच. तलावाच्या मागे दिवा लावायचा तर शैवालामुळे यूव्हीटी कमी असते, हेही ध्यानात घ्यावे.

टायटॅनियम डायऑक्साइड हे प्रकाशाने सक्रिय होणारे द्रव्य आणि सूर्यप्रकाश यांवर आधारलेल्या यंत्रांची जाहिरात आपल्याकडे आली असे आपण लिहिता. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांच्या शोधनिबंधापासून या विषयावर अफाट संशोधन झाले आहे आणि ते वाचनीयही आहे, पण हे द्रव्य ३८७ नॅनोमीटरहून आखूड किरणांनीच काम करते, सूर्यप्रकाशात अतिनील भाग सुमारे पाचच टक्के असतो, आणि भुकटी वापरली तर ती पाण्यातून परत काढावी लागते. वसाहतीच्या रोजच्या वापरासाठी ते आज घेऊ नये.

उन्हाचा खरा उपयोग तुम्हाला छतावरच्या सौर पॅनेलमधून करता येईल. गाळणी आणि दिवा सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालवला तर पॅनेलची वीज आणि यंत्राची गरज एकाच वेळी येते. सहा तासांत ६० घनमीटर म्हणजे ताशी दहा घनमीटरचा पंप आणि त्या गतीचे यंत्र घ्यावे लागेल, हे वर सांगितलेल्या हिशेबात मिळवून पाहावे. एकूण ५०० वॉटचे दिवे सहा तास चालले तर रोज तीन युनिट लागतात, म्हणजे घनमीटरला ०.०५ युनिट. तुमचा ब्लोअर याच्या कितीतरी पट वीज वापरतो, त्यामुळे विजेच्या कारणाने दिवा नाकारण्यात अर्थ नाही. नर्मदाकाठच्या जालूदहून नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून घाट चढवून इंदुरात आणावे लागते, तेव्हा फ्लशला वापरलेले पुनर्वापराचे प्रत्येक लिटर तेथील पंपांची वीजही वाचवते.

दिव्यातील पारा ही या पद्धतीची उघड उणी बाजू आहे. पाऱ्यावरील मिनामाटा करारात भारत २०१८ मध्ये सहभागी झाला आहे, आणि दिवे साधारण ८ ते १२ हजार तासांनी बदलावे लागतात. जुने दिवे भंगारवाल्याला किंवा नगर निगमच्या ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत देऊ नयेत. दिवे परत घेण्याची अट खरेदीच्या करारातच लेखी घालावी. यूव्ही-सी एलईडीत पारा नसतो आणि त्या क्षणात पेटतात, पण त्यांची विजेचे किरणांत रूपांतर करण्याची क्षमता अजून पारा-दिव्याच्या बरीच मागे आहे. दिवसाला ६० घनमीटरसाठी त्या आज परवडणार नाहीत.

नियमांकडे पाहिले तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत एसटीपीच्या पाण्यासाठी विष्ठाजन्य कोलिफॉर्मची (विष्ठेचे प्रदूषण दाखवणाऱ्या जिवाणूंची) मर्यादा १०० मिलिलिटरमागे १,००० आहे, तर फ्लशच्या पुनर्वापरासाठी केंद्राच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या नियमपुस्तिकेची अपेक्षा शून्याची आहे. इंदूरला २०२१ मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच ते सोडणारे शहर म्हणून, मान मिळाला आहे, तेव्हा वसाहतींकडूनही काटेकोरपणाची अपेक्षा वाढत जाणार हे गृहीत धरावे. तुमच्या मागणीपत्रात ‘१०० ची मात्रा, ५५ टक्के यूव्हीटीला, पंपाच्या कमाल गतीला आणि दिव्याचे आयुष्य संपत आलेले असताना’ ही चारही कलमे एकत्र लिहावीत. यांपैकी एक जरी गाळले तरी दर आकर्षक दिसेल आणि यंत्र निम्म्या क्षमतेचे येईल.

दर मागवण्याआधी गाळणीनंतरच्या पाण्याची यूव्हीटी आणि तरंगते घन पदार्थ किमान तीन वेगळ्या वेळी मोजून घ्यावेत. एक नमुना सकाळी, वसाहतीत पाण्याचा वापर सर्वाधिक असतो तेव्हाचा, एक दुपारचा आणि एक गाळणी धुण्याच्या ठीक आधीचा असावा. शक्य झाल्यास मे आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांत ते घ्यावेत. कोलिफॉर्मच्या चाचणीसाठी नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, बर्फात ठेवावा आणि त्याच दिवशी पोहोचवावा. सध्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याचा नमुना घेताना बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले आहे याची खात्री करावी, नाहीतर वाटेत क्लोरीन काम करत राहील आणि अहवाल तुमच्या टाकीतल्या पाण्याहून चांगला येईल.